मोनाचा पंप

प्रिय मोना,

खूप खूप आशीर्वाद. हे पत्र मनकर्णाबाई बांगडीवाली तुझ्या हातात देईल. बाजाराच्या दिवशी ती लाखांदूरले जाते आणि जाता-जाता तुमच्या गावात फिरते. बांगड्या भरायच्या निमित्तानं तुझा हात धरील आणि कागद मुठीत सारील. आधी तू वाच, मग तुझ्या आईले दाखवायचं असेल तर खुशाल दाखव, मले कोणाचं भेव नाही. पोस्टात टाकलं असतं तर तिनं आधी फोडलं असतं. फोन केला तर तीच उचलते आणि म्हणते, "मोना झोपली आहे." सकाळी केला तर झोपली, दुपारी केला तर झोपली, दिवेलागणीले केला तरी झोपलीच. एवढी झोप आमच्या गाभण म्हशीलेही येत नाही. मोबाईलवर बोलून पाठवलं तर तुमच्या घरी सगळे गोल बसून ऐकतात, बातम्या ऐकल्यासारखे. म्हणून शेवटी चौथी शिकलेल्या बाईले पेन धरावं लागलं. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे. नाही लागलं तर दोनदा वाच, पण सगळं वाच.

आधी घरचं सांगते, नाहीतर म्हणशील सासूनं पहिल्या ओळीपासून भांडण काढलं. खालच्या बांध्यांतला धान कापून झाला, वरचा अजून उभा आहे. मळणीची मशीन आली तेव्हा सगळ्या गावावर कोंड्याचा धुरळा उठला होता, आणि माझ्या मनात आलं, बरं झालं मोना इथं नाही. मग त्याच गोष्टीचा राग आला. आपली सून आपल्या घरी नाही, यात बरं काय, डोंबलाचं? तुझे सासरे रोज विचारतात, "मोनाचा फोन आला का?" मी म्हणते, तुम्हीच लावा की. मग ते चष्मा शोधायले आत जातात ते बाहेर येतच नाहीत. अमरचं तर विचारू नको. तुझा नवरा म्हणजे मुका बैल, राबेल पण बोलणार नाही. तू गेल्यापासून त्यानं काय काय केलं सांगू? तुमच्या खोलीतली ओल धरलेली भिंत खरडून काढली आणि चुना मारला. गोधड्या उन्हात घालतो. मच्छर अगरबत्ती घरात आणू देत नाही, मच्छरदाणी आणली. माझ्या देवाची धूप बंद केली, म्हणे धुरानं मोनाले त्रास होईल. मी म्हणलं, "अरे, पण ती आहे कुठं इथं?" तर म्हणतो, "आल्यावर करायचं का मग?" एवढं डोकं चालते त्याचं, पण लाखांदूरच्या गाडीत बसून बायकोले आणायची हिंमत होत नाही. तुझ्या बाबूजींसमोर उभा राहिला की त्याची जीभ टाळूले चिकटते.

झालं घरचं. आता भांडण. लग्नाच्या मांडवातच तुझं नाक गळून राहिलं होतं. मी म्हणलं असेल, रात्रभर जागरण, बर्फाचं पाणी, सगळ्यांचंच तसं होते. मग पाऊस लागला तरी सर्दी तीच. बोलायची तर सगळं नाकात. शेजारच्या बाया विचारायच्या, "तुमची सून रडून राहिली का व?" मी म्हणायची, नाही, तिचा आवाजच तसा आहे. भात खाली लागून काळा झाला तरी तुले पत्ता नाही. आंबलेलं वरण तू सासऱ्यांच्या ताटात वाढलं. त्या दिवशी गॅसचं बटन उघडं राहिलं, मी अंगणातून वासानं धावत आली, तर तू तिथंच बसून शांतपणे लसूण सोलून राहिली होती! मी बोलली. चांगली बोलली. ध्यान कुठं आहे म्हणलं, आईनं काही शिकवलं नाही म्हणलं. जे दिसलं त्यावर बोलली आणि माझं बोलणं मी मागं घेत नाही. "आई, मले वासच येत नाही" एवढं एका शब्दानं सांगितलं असतं, तर मी वेगळं बोलली असती. चांगलं सरळ नाक असलेल्या पोरीले वास येत नाही, हे मले काय सपनात पडणार होतं?

त्यावर आणखी ते गोठ्यामागं जाणं. रोज सकाळी आणि दिवे लागल्यावर तू गोठ्यामागं जायची आणि पदर तोंडाशी धरून उभी राहायची. शेजारची रक्षा एकदा मले कानात म्हणते, "काकू, तुमची सून तिकडं जाऊन कोणाशी फुसफुस करते? दुसरा मोबाईल आहे का तिच्याजवळ?" आता सांग, अशा वेळी सासूनं काय समजायचं? मी एकदा मुद्दाम शेणाची टोपली घेऊन मागून आली. तू हात पदरात घातला आणि म्हणली, "काही नाही आई, खोकला आला." चेहरा असा की चोरी पकडली. मी दिवसच्या दिवस अमरच्या तोंडाकडं पाहून राहिली, की याले सांगू की नको सांगू. पोराचं नवंनवं लग्न! तिकडं तू दम्याचा पंप ओढून राहिली होती आणि इकडं मी मनातल्या मनात तुझा एक यार उभा केला होता. त्याले मिशासुद्धा लावल्या होत्या. आज हसू येते. तेव्हा माझं रक्त आटत होतं.

आणि मग धानाची रोवणी आली. आमच्याकडची रीत तू त्याच दिवशी पाहिली. दिवसभर चिखलात वाकून धानाचं रोप, पऱ्हे लावलं की संध्याकाळी कंबर माणसाची राहत नाही. मग वावराच्या मालकिणीनं चहा द्यायचा आणि चहासोबत दुखण्याची गोळी. कवडूच्या दुकानातून आणायची, नाव कोणी विचारत नाही, दुखण्याची म्हणजे दुखण्याची. बायाच आदल्या दिवशी सांगतात, "गोळी देशील तर येतो व गोदाबाई." वावराच्या धुऱ्यावर बसल्या-बसल्या गोळ्यांची वाटी फिरली, सगळ्यांनी घेतली, मी घेतली, तूही घेतली. कपबश्या विसळून होत नाहीत तर तुझं तोंड लाल, डोळे लाल, नाकातून नळ सुटल्यासारखं पाणी. घरी आणेपर्यंत छातीतून शिट्टी वाजून राहिली होती. मग काय, सगळं गाव डॉक्टर. कोणी म्हणे चिखलात काही चावलं, कोणी म्हणे नव्या नवरीले नजर लागली. शेजारच्या एका म्हातारीनं मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या आणि त्या धुरात तुले आणखीच काही सुचेना. तुले बोलता येत नव्हतं. तू पेटीकडं बोट करून राहिली होती. अमरनं सगळे कपडे बाहेर फेकले, तेव्हा शालूच्या घडीतून तो निळा पंप पडला. मोना, त्या वेळी सगळे त्या पंपाकडं पाहून राहिले होते आणि तू श्वास ओढता-ओढता माझ्या तोंडाकडं पाहून राहिली होती. जीव जाऊन राहिला होता तुझा, आणि तुले काळजी काय, तर सासूनं पाहिलं! त्याचा राग माझा अजून गेला नाही. लिहिता-लिहिताही येऊन राहिला आहे.

तालुक्याच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला, सुया दिल्या, तिथून भंडाऱ्याले नेलं. तिथली ती नाकाची डॉक्टरीण, बारक्या चणीची, पण माझ्यासारखीच तोंडाची फटकळ. तिनं तुले विचारलं, दमा किती दिवसांपासून आहे? तू छताकडं पाहिलं. तिनं पुन्हा विचारलं, अशी गोळी आधी कधी घेतली होती का? तू माझ्याकडं पाहिलं. तेव्हा ती बाई मले म्हणते, "मावशी, तुम्ही जरा बाहेर बसा." मले! जिनं टेम्पोत सगळ्या रस्त्यानं तुले छातीशी धरून बसवून नेलं, तिले बाहेर! मी बाकावर बसली. शेजारी एक बाई नातवाले घेऊन बसली होती, ती विचारते, "पेशंट कोण तुमची?" मी म्हणलं, "सून." "काय झालं?" मी म्हणलं, "तेच मले सोडून सगळ्यांले सांगून राहिली आहे ती आतमध्ये." पुढं डॉक्टरणीनं मले आत बोलावलं आणि सांगितलं तेव्हा कळलं, की लग्नाच्या आधल्या वर्षी दाढ दुखली म्हणून तू अशीच गोळी घेतली होती आणि तेव्हाही रात्र बसून काढली होती. तुझ्या आईनं ते उष्णतेवर ढकललं आणि तुले बजावून ठेवलं, "सासरी दम्याचं नाव काढजो नको."

मग तिनं ती बारीक नळी तुझ्या नाकात घालून मले टीव्हीवर दाखवलं. दोन्ही नाकपुड्यांत सोललेल्या द्राक्षांसारखे पांढुरके फुगे भरलेले. पॉलिप म्हणतात म्हणे त्याले. दुखत नाही, म्हणून माणूस मनावर घेत नाही. वास जातो, आवाज नाकातून येतो, तोंडानं श्वास घ्यावा लागतो. मी म्हणलं, हे नाकाचं झालं, छातीचं काय? तर ती म्हणते, "मावशी, दोन नाहीत, एकच आहे. नाकाच्या आतली कातडी आणि छातीतल्या नळ्यांची कातडी सारखीच, सूज पण तीच. नाक असं धगधगत ठेवलं तर दमा ताब्यात येत नाही." हे मले लगेच कळलं. आपल्या वरच्या तळ्याचं, बोडीचं पाणी नासलं तर खालच्या बांधीतला धान कसा चांगला राहील? पाणी तेच येते ना वरून. आणि ती तिसरी गोष्ट तिनं तुलेही सांगितली आणि मलेही सांगितली. दमा असलेल्या सगळ्यांले नाही, पण नाकात असे पॉलिप आणि वरून दमा असलेल्या काही माणसांले ह्या दुखण्याच्या गोळ्या चालतच नाहीत, घेतली की असा झटका येतो. तुले दोनदा आला. आता पुन्हा घ्यायची नाही, आणि तापाची साधी गोळीही डॉक्टरले विचारूनच घ्यायची.

तुझ्या माहेरच्यांनी काय केलं होतं, ते मले तेव्हा समजलं. नाक एका डॉक्टरले दाखवलं आणि छाती दुसऱ्याले. नाकवाल्याले दम्याचं सांगितलं नाही, गावातलाच होता, बभ्रा होईल म्हणून. त्यानं थेंब दिले. छातीवाला दूर नागपुरात शोधला, त्याले नाकाचं सांगितलं नाही, साधी सर्दी आहे, त्याले काय सांगायचं म्हणून. त्यानं पंप दिला. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि मधात पोरगी अर्धी-अर्धी. बैलाचा एक पाय ह्या गावी दाखवावा आणि दुसरा त्या गावी, आणि मग म्हणावं बैल चालत काहून नाही! तुझी आई वाईट बाई आहे असं मी म्हणत नाही. पोरीचं लग्न व्हावं म्हणून आया काय काय करतात, ते मले समजते. पण लग्न झालं ना! मग आता कोणापासून लपवायचं? मी तर पाहून बसली आहे, टीव्हीवरसुद्धा पाहून बसली आहे.

डॉक्टरीण म्हणाली, आधी दमा नीट ताब्यात आणू, मग दुर्बिणीतून ते पॉलिप काढू. पुन्हा येऊ शकतात, म्हणून ऑपरेशननंतरही नाकाचा फवारा आणि पंप बंद करायचा नाही. तुझी आई तोवर भंडाऱ्याले येऊन पोचली होती, तिनं तिथंच विचारलं, "पंपाची सवय लागेल ना?" डॉक्टरीण म्हणाली, "चष्म्याची सवय लागते का? दिसत नाही म्हणून घालतो." माझ्या मनात आलं, बाई, तुझ्या तोंडात साखर पडो. तारीख मिळाली. तुझी आई म्हणाली, तोवर आरामाले घेऊन जातो. मी पाठवलं. पोळ्यापर्यंत येईल म्हणून पाठवलं. पोळा झाला, गणपती झाले, ऑपरेशनच्या तारखेले तुमच्याकडून कोणी आलंच नाही. अमर भंडाऱ्यात दवाखान्याच्या फाटकापाशी उभा राहून परत आला. मी फोन केला तर तुझी आई म्हणते, "आता नको, शुभांगीचं स्थळ पाहून राहिलो. घरात ऑपरेशन म्हटलं की लोक विचारतात." म्हणजे तुझ्या बहिणीचं लग्न ठरेपर्यंत तू श्वास घ्यायचा थांबवायचा का? मी हेच विचारलं. तिनं फोन कापला.

मग दिवाळी झाल्यावर मनकर्णाबाई तुमच्याकडून आली ती उंबऱ्यावरच बसली, आत यायले तयार नाही. म्हणे, "गोदाबाई, सांगावं की नाही कळत नाही." मी म्हणलं, सांग, नाहीतर बांगड्या फोडीन तुझ्या. मग सांगितलं. आंधळगावचे पाहुणे शुभांगीले पाहायले आले होते त्या दिवशी ती तुमच्या घरीच होती, शुभांगीले बांगड्या भरायले बोलावलं होतं. पाहुण्यांनी विचारलं, मोठी मुलगी दिसत नाही? तुझ्या बाबूजींनी सांगितलं, "ती सासरी आहे, कापणीचे दिवस आहेत ना." आणि तू तेव्हा मागच्या खोलीत, धानाच्या पोत्यांमागं, दार ओढून बसली होती. मनकर्णाबाई पाणी प्यायले मागं गेली तेव्हा तिनं पाहिलं. खोकला येऊ नये म्हणून तू पदराचा बोळा तोंडात धरला होता. त्या पोत्यांच्या धुळीत! पंप हातात होता, पण त्याचा आवाज जाईल म्हणून ओढून राहिली नव्हती. मोना, मी तुले खूप बोलली आहे, पुढंही बोलीन, माझा स्वभाव जाणार नाही. पण घरात असलेल्या माणसाले घरात नाही, असं मी माझ्या कुत्र्याबद्दलही कधी सांगितलं नाही.

आता ऐक, खरं काम इथं आहे. तुझ्या आईले नंतर आठवलं, की आंधळगावले माझी बहीण रुपा दिली आहे, आणि तो मुलगा, हेमराज, रुपाच्या दिराचाच पोरगा आहे. म्हणजे चौकशी होणार ती माझ्याकडंच. तेव्हा बाई स्वतःहून फोन करते. आवाज एकदम मधाळ. "विहीणबाई, रुपाबाई विचारतील तुम्हाले. दम्याचं नाव काढू नका. नाजूक आहे म्हणा, सर्दी होते म्हणा. शुभांगीचं एकदा पक्कं झालं की दुसऱ्याच दिवशी मोनाले पाठवून देतो, मग तुमचं ऑपरेशन-बिपरेशन काय ते करा." मले आधी समजलंच नाही, की ही मागून राहिली आहे की देऊन राहिली आहे. माझीच सून मलेच परत देणार, आणि बदल्यात मी खोटं बोलायचं. जे खोटं माझ्याशी बोलले, तेच मी माझ्या बहिणीशी बोलायचं! मी फोन ठेवून भाकरी करायले बसली. खरं सांगते, मी नुसती चिडली नव्हती, लालूचही आली होती. एक शब्द गिळला की सून घरात. अमरचा चेहरा समोर होता. मी भाकरी थापता-थापता तो शब्द गिळून पाहिला. गिळलाही जात होता.

आमच्या गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा होती, त्या दिवशी रुपा आली. तुझ्यासाठी साडी घेऊन आली, आल्या-आल्या विचारते, "कुठं आहे मोना?" मी म्हणलं, माहेरी. ती तिथंच थांबली. "तिकडं तर म्हणाले सासरी आहे." बाहेर दंडारीच्या नाचाचा ढोल वाजून राहिला होता, घरात पाहुण्यांची गर्दी, कढईत वडे, आणि रुपा माझ्या कानाशी येऊन म्हणते, "बाई, खरं सांग. त्या घरात काही आहे काय?" मी झारा खाली ठेवला. आणि सांगितलं. म्हणलं, हो, मोनाले दमा आहे. नाकात पॉलिप आहेत, दोन्ही मिळून ते एकच दुखणं आहे, दुखण्याची गोळी तिले चालत नाही, ऑपरेशन व्हायचं आहे. एकाचं दुसऱ्याले लागत नाही. शुभांगीत तसं काही दिसलं नाही, पण डॉक्टरले दाखवून घ्या, मनात शंका राहू देऊ नका. आणि म्हणलं, दमा ऐकून पळायचं असेल तर आताच पळा. माझं विचारशील तर मले आधी सांगितलं असतं तरी मी हीच सून केली असती, आणि अजून एक पोरगा असता तर त्याच्यासाठी शुभांगी मागितली असती. रुपानं झारा उचलून करपून राहिलेले वडे काढले. मग म्हणाली, "सांगितलं ते बरं केलं. पण घरचे काय म्हणतील, मी सांगू शकत नाही." आंधळगावचा निरोप अजून आलेला नाही. तुझ्या आईचा मात्र आला, फोन कानापासून हातभर दूर धरावा लागला. मी शुभांगीचं वाटोळं केलं, आता मोना विसरा, म्हणाली. तुझ्याही कानावर हेच घालत असेल, की सासूनं तुझ्या बहिणीचं मोडलं. म्हणून हे लिहिलं. मोडलं की नाही ते देव जाणे, पण सांगितलं मी, आणि ते तुले माझ्याकडूनच कळावं. तुले परत आणायचा एक सोपा रस्ता होता, तो मी माझ्या हातानं बंद केला. दुसरा रस्ता तुझ्या पायांचा आहे. डॉक्टरणीनं नवीन तारीख दिली आहे. मंगळवारी सकाळच्या गाडीनं मी आणि अमर येऊन राहिलो. मी आत येणार नाही, चहा घेणार नाही, तुझ्या आईशी भांडणारही नाही, निदान प्रयत्न करीन. तुले ओढूनही नेणार नाही. तू नाही म्हणली तर गुपचूप परत जाईन. कोणी म्हणालं मोना घरात नाही, तर मी अंगणातूनच तुझ्या नावानं हाक मारीन. आधी पंप ओढ, सगळ्यांसमोर ओढ, मग श्वास सापडू दे. आवाज नाकातून आला तरी चालेल, बसका आला तरी चालेल. आतून एकदा "आहे" म्हणजो.

तुझीच सासू,
गोदावरी